दूध प्या, गूळ खा आणि सही करा



ही पोस्ट वेल्डर, गॅस कटर, ग्राइंडर चालवणारे आणि त्यांच्या शेजारी उभं राहून दुसरं काम करणारे, अशा सगळ्यांसाठी आहे. पण सगळ्यात जास्त ती माझ्यासारख्या सुपरवायझरांसाठी आहे. त्यांना कडू लागेल. लागू दे.

आधी माझीच चूक सांगतो. दोन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. रेगेन्सबर्गमध्ये त्या दिवसांत डोनाउ नदीवरून धुकं उठतं ते दुपारपर्यंत हलत नाही. आमच्या साइटवर तळघरातल्या पार्किंगच्या जिन्याचं काम चालू होतं. थंडी आत येऊ नये म्हणून जिन्याची सगळी तोंडं ताडपत्रीने बंद केलेली. रेलिंगचे खांब आले ते गॅल्व्हनाइज्ड, आणि भोकं जुळेनात. ड्रॉइंगमध्ये बोल्ट दाखवले होते. नवीन भोकं पाडायची तर अर्धा दिवस जाणार होता. मी म्हणालो, "वेल्ड मारून टाका, उद्या तपासणी आहे."

वेल्डर कोल्हापूरकडचे, माझ्यापेक्षा वयाने मोठे. मी त्यांना दादा म्हणतो, ते मला साहेब म्हणतात. दिवसभर त्यांनी त्या बंद जिन्यात वेल्डिंग केलं. रात्री दहाला फोन आला. "साहेब, थंडी वाजून ताप आलाय. तोंडात नाणं धरल्यागत लागतंय. छाती आवळून आलीया."

मी म्हणालो, "हवा बदललीय दादा, फ्लू असेल. गरम दूध घ्या, गूळ खा आणि झोपा."

तिसऱ्या दिवशी ते कामावर आले. मी साइटच्या डायरीत लिहून मोकळा झालो: एक कामगार गैरहजर, सर्दी-ताप.

तो फ्लू नव्हता. तो ताप माझ्या हुकमाने आला होता. आणि डायरीतल्या त्या दोन शब्दांनी मी त्याचा पुरावाही पुसून टाकला.

तो ताप काय असतो

त्याला धातूच्या धुराचा ताप म्हणतात. जर्मन लोक झिंकफीबर म्हणतात, ओतकामवाले गीसफीबर म्हणतात. गॅल्व्हनाइज्ड लोखंडावर जस्ताचा, म्हणजे झिंकचा थर असतो. झिंक ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं. लोखंड वितळायला १५०० अंशांच्या आसपास लागतात. म्हणजे तुमचं लोखंड वितळायच्या कितीतरी आधी झिंकची वाफ झालेली असते. ती वाफ हवेत येताच थंड होते, ऑक्सिजन घेते आणि तिचा पांढरा धूर होतो. तो धूर म्हणजे झिंक ऑक्साइडचे कण. चार ते बारा तासांनी थंडी, ताप, अंगदुखी, तोंडात धातूची चव, छातीत आवळल्यासारखं. एक-दोन दिवसांत उतरतो.

याचं आणखी एक नाव आहे, सोमवारचा ताप. रोज धूर घेतला की शरीराला तात्पुरती सवय होते, शनिवार-रविवार सुट्टी मिळाली की सवय मोडते, आणि सोमवारी पुन्हा ताप. म्हणून आपले लोक म्हणतात, "मला आता काही होत नाही, अंगवळणी पडलंय." ताप येत नाही एवढंच खरं आहे. धूर तेवढाच आत जातोय.

नॅनो म्हणजे फक्त प्रयोगशाळेतलं नव्हे

नॅनो म्हटलं की आपल्याला पांढरे कोट आणि काचेच्या पेट्या आठवतात. मित्रांनो, साइटवर नॅनो कण बनवण्याचं यंत्र तुमच्या हातात असतं. त्याला वेल्डिंगचा होल्डर म्हणतात.

एक नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. १ ते १०० नॅनोमीटरच्या कणाला नॅनो कण म्हणायचं, असं युरोपियन युनियनची व्याख्या सांगते. माणसाचा केस साधारण ७० ते ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. वेल्डिंगच्या वाफेतून जे पहिले कण बनतात ते याच मापाचे. मग ते एकमेकांना चिकटून साखळ्या बनवतात, पण त्या साखळ्याही इतक्या बारीक असतात की नाकाच्या केसात किंवा घशात अडकत नाहीत. थेट फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत जातात, जिथे हवेतला प्राणवायू रक्तात मिसळतो.

गंमत बघा. तोच कण कारखान्यात मुद्दाम बनवला की त्याला "नॅनो मटेरिअल" म्हणतात, त्याच्याभोवती बंद कपाट आणि हवा खेचणारी यंत्रणा बसवतात. तोच कण वेल्डरच्या नाकाखाली तयार झाला की त्याला "थोडासा धूर" म्हणतात आणि त्याच्याभोवती ताडपत्री लावतात.

मापामुळे एवढा काय फरक पडतो, असं कुणी विचारेल. डिप्लोमाला शिकलेलं गणित इथे कामाला येतं. एक सेंटिमीटर बाजूचा लोखंडाचा ठोकळा घ्या. त्याचा सगळा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. आता तोच ठोकळा १०० नॅनोमीटरच्या तुकड्यांत कापा. वजन तेवढंच, पण पृष्ठभाग ६० चौरस मीटर. म्हणजे पुण्यातला एक टू बीएचके. शरीराशी रासायनिक भांडण पृष्ठभागावर होतं. जेवढा पृष्ठभाग जास्त, तेवढं भांडण मोठं.

दुसरी गोष्ट वजनाची. धुळीची मर्यादा एका घनमीटर हवेत किती मिलिग्रॅम, अशी मोजतात. पण १० मायक्रोमीटरचा एक जाड कण आणि १०० नॅनोमीटरचे दहा लाख कण यांचं वजन सारखंच असतं. म्हणजे वजनाच्या काट्यावर जे क्षुल्लक दिसतं, ते फुप्फुसात कोट्यवधी कणांची फौज असू शकते. "मापात बसतंय" असं कुणी म्हटलं की विचारा, कुठे मोजलं? वेल्डरच्या तोंडापाशी की कंटेनर ऑफिसच्या दारात?

त्या जिन्याचा हिशोब

बोखुम शहरात जर्मन अपघात विमा संस्थांची एक संशोधन संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी २०१८ मध्ये एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १६ निरोगी माणसं स्वखुशीने तयार झाली. त्यांना चार तास झिंक ऑक्साइडचे नॅनो कण असलेल्या हवेत ठेवलं, त्यातले दोन तास हलकं सायकलिंग करायला लावलं. वेगवेगळ्या दिवशी घनमीटरला ०.५, १ आणि २ मिलिग्रॅम असं प्रमाण होतं. आधी, लगेच नंतर आणि साधारण २४ तासांनी तपासलं. प्रमाण वाढत गेलं तशी रक्तात दाहाची चिन्हं वाढत गेली आणि फ्लूसारख्या तक्रारी आल्या.

आता माझा जिना घ्या. तीन ते सहा मिलिमीटर जाडीच्या लोखंडाला गरम डुबवून गॅल्व्हनाइज करताना मानकाप्रमाणे सरासरी ७० मायक्रोमीटर थर लागतो, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ५०० ग्रॅम झिंक. दहा सेंटिमीटरचं एक वेल्ड धरा, दोन्ही बाजूंना एकेक सेंटिमीटर थर जळतो असं समजा. २० चौरस सेंटिमीटर झाले. त्यावरचं झिंक साधारण एक ग्रॅम. त्यातला फक्त दहावा भाग हवेत गेला असं माना, बाकी सगळं खाली पडलं. १०० मिलिग्रॅम झिंकचं सुमारे १२५ मिलिग्रॅम ऑक्साइड बनतं. बंद जागा ५० घनमीटरची. भागाकार करा, घनमीटरला अडीच मिलिग्रॅम.

एकाच वेल्डमध्ये, दहावाच भाग धरून, आपण त्या प्रयोगातल्या सगळ्यात जास्त प्रमाणाच्या वर गेलो. हा कागदावरचा ढोबळ हिशोब आहे, मोजमाप नाही. पण दादांनी त्या दिवशी एक नाही, कितीतरी वेल्ड मारले होते, आणि धूर खोलीभर पसरण्याआधी त्यांच्या तोंडासमोरून जात होता. हा हिशोब मला त्या दिवशी सकाळी पाच मिनिटांत करता आला असता. डिप्लोमा त्यासाठीच दिला होता.

ताप उतरतो, बाकीचं राहतं

झिंक त्यातल्या त्यात बरं, कारण ते ओरडून सांगतं. गप्प राहणारे धातू जास्त वाईट.

स्टेनलेस स्टील वेल्ड करताना धुरात क्रोमियम आणि निकेल येतं. त्यातलं सहा संयुजेचं क्रोमियम, म्हणजे क्रोम-सिक्स, कॅन्सर करतं. साध्या इलेक्ट्रोडने स्टेनलेस मारलं तर टिगपेक्षा क्रोम-सिक्स बरंच जास्त निघतं. जर्मनीत क्रोम-सिक्ससाठी जी पट्टी लावतात ती घनमीटरला १ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. ताप नाही, खोकला नाही, काहीच कळत नाही. साध्या लोखंडाच्या वायरमध्ये आणि इलेक्ट्रोडमध्ये मँगनीज असतं. ते वर्षानुवर्षं जास्त प्रमाणात गेलं तर मेंदूवर परिणाम होतो, हात थरथरतात, चाल बिघडते, पार्किन्सनसारखं दिसतं.

जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर संशोधन करणारी संस्था फ्रान्समधल्या लिओन शहरात आहे. तिने १९९० च्या अहवालात वेल्डिंगच्या धुराला "कॅन्सर होण्याची शक्यता" या गटात ठेवलं होतं. मार्च २०१७ मध्ये तज्ज्ञ पुन्हा बसले आणि त्यांनी तो पहिल्या गटात टाकला, म्हणजे माणसाला कॅन्सर करतो हे सिद्ध. फक्त स्टेनलेसचा नव्हे, सगळाच वेल्डिंगचा धूर. त्याच गटात तंबाखू आहे, ॲस्बेस्टॉस आहे. साइटवर सिगारेट ओढणाऱ्याला आम्ही हटकतो आणि ताडपत्रीत वेल्डिंग करणाऱ्याला "लवकर उरका" म्हणतो.

जर्मन सरकारची व्यावसायिक आजारांची यादी आहे, प्रत्येक आजाराला क्रमांक आहे. ११०३ क्रोमियमचे आजार. ११०५ मँगनीजचे. ४१०९ निकेलमुळे श्वसनमार्गाचा कॅन्सर. ४११५ वर्षानुवर्षं खूप वेल्डिंगचा धूर घेतल्याने फुप्फुस कडक होणं. म्हणजे "वेल्डिंगने काही होत नाही" हे वाक्य इथल्या कायद्यालाही मान्य नाही.

आणि एक कामाची गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती. वेल्डरला न्यूमोनियाचा धोका जास्त असतो. म्हणून जर्मनीची लसीकरण समिती, तिला इथे स्टिको म्हणतात, वेल्डिंग आणि धातू कापण्याचं काम करणाऱ्यांना न्यूमोकॉकसची लस घ्या म्हणून सांगते. तुमच्यापैकी कितीजणांना हे विचारलं गेलं?

दूध, गूळ आणि मास्क

आता आपल्या औषधांकडे येऊ. दूध पोटात जातं, धूर फुप्फुसात जातो. दोघांची गाठ पडत नाही. गुळाबद्दल लोक सांगतात की संशोधन झालंय. झालंय, लखनौच्या संस्थेने १९९४ मध्ये उंदरांवर केलेलं, कोळसा आणि सिलिकाच्या धुळीसाठी. उंदराला कोळशाच्या धुळीत काही फायदा दिसला म्हणून वेल्डरच्या फुप्फुसातलं क्रोम-सिक्स गुळाने निघतं, असं कुणीही सिद्ध केलेलं नाही. गूळ खा, चांगला पदार्थ आहे. पण ठेकेदार जेव्हा एक्झॉस्टच्या जागी गूळ वाटतो तेव्हा तो तुमची काळजी घेत नसतो, पैसे वाचवत असतो. भोसरीत आणि शिरोलीत हे चालत आलं, तेच आपण विमानात बसून इथे घेऊन आलो.

मास्कचं वेगळं आहे. लोक म्हणतात नॅनो कण मास्कमधून आरपार जातो. तसं नाही. चांगल्या फिल्टरच्या कापडात हे अतिबारीक कण बऱ्यापैकी अडकतात. एफएफपी-२ कमीत कमी ९४ टक्के, एफएफपी-३ कमीत कमी ९९ टक्के कण अडवतो, ही चाचणीतली हमी आहे. पण चाचणीत दाढी नसते, घाम नसतो, वेल्डिंगचं हेल्मेट मास्कला ढकलत नसतं. धूर कापडातून जात नाही, कडेने जातो. दोन दिवसांची दाढी असेल तर मास्क म्हणजे दाराला कुलूप आणि खिडकी उघडी.

शिवाय तो दिवसभर घालायचा नसतो. झडप नसलेला एफएफपी-२ सलग ७५ मिनिटं घातला की अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी, असं इथल्या विमा संस्थांचा नियमच सांगतो. मी आजवर कुठल्या ठेकेदाराला घड्याळ लावून ही विश्रांती देताना पाहिलं नाही. मीही दिली नव्हती.

क्रम उलटा का होतो

जर्मन नियमांचा क्रम एका शब्दात लक्षात राहतो, स्टॉप. एस म्हणजे बदल: वेल्डऐवजी बोल्ट, नाहीतर जिथे वेल्ड मारायचं तिथला झिंकचा थर आधी काढून टाका. टी म्हणजे तंत्र: धूर जिथे निघतो तिथेच खेचून घेणारं यंत्र, जर्मनमध्ये आबझाउगुंग. ओ म्हणजे नियोजन: त्या वेळी बाकीचे लोक तिथे नकोत, जागा बंद नको, काम वाटून द्या. आणि सगळ्यात शेवटी पी, म्हणजे माणसाच्या अंगावरची साधनं, मास्क किंवा पंख्याचं हेल्मेट. धोकादायक पदार्थांच्या नियमात स्पष्ट लिहिलंय की त्रासदायक वैयक्तिक साधनं हा कायमचा उपाय असू शकत नाही.

साइटवर काय होतं? पी पासून सुरुवात होते आणि पी वरच संपतं. कारण मास्क काही युरोंचा, आबझाउगुंग हजारोंचं. बोल्टची भोकं पुन्हा पाडायची तर अर्धा दिवस. अर्ध्या दिवसाचा दंड मुख्य ठेकेदार पोटठेकेदाराला लावतो, पोटठेकेदार आमच्यावर ओरडतो, आम्ही तुमच्यावर. शेवटी तो अर्धा दिवस वेल्डरच्या फुप्फुसातून वसूल होतो.

आणि मग ती सही. वर्षातून एकदा सगळ्यांना कंटेनरमध्ये बसवतात, कुणीतरी जर्मनमध्ये वीस मिनिटं वाचतं, कागद फिरतो, सगळे सही करतात. त्याला उंटरवाइझुंग म्हणतात. आपल्यातले निम्मे लोक त्यातलं "हेल्म" एवढंच ओळखतात. उद्या काही झालं तर हाच कागद दाखवला जातो, बघा, याला माहिती दिली होती.

पण कायदा असा नाही. धोकादायक पदार्थांच्या नियमाप्रमाणे, ज्याला इथे गेफारश्टॉफ-फेरओर्डनुंग म्हणतात, लेखी सूचना कामगाराला समजेल अशा स्वरूपात आणि समजेल अशा भाषेत द्यावी लागते. भाषा हा शब्द त्यात आहे. कळत नसलेल्या कागदावर सही मागणं ही मालकाची चूक आहे. आणि ती भाषांतर न करता पुढे सरकवणं ही माझी, मराठी सुपरवायझरची चूक आहे. मला जर्मन येतं म्हणूनच मला ही नोकरी मिळाली. ते जर्मन मी मालकाच्या बाजूने वापरलं.

चाळीस वर्षांची यादी

या पोस्टमधून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

क्रोम-सिक्स आणि निकेलसारख्या कॅन्सर करणाऱ्या पदार्थांशी काम करताना आरोग्याला धोका आहे असं कामाच्या मूल्यांकनात निघालं, तर मालकाला अशा कामगारांची यादी ठेवावी लागते. कोण, किती प्रमाणात, किती काळ. ही यादी काम संपल्यावरही ४० वर्षं जपावी लागते. आणि तुम्ही नोकरी सोडता तेव्हा तुमच्यापुरता त्यातला उतारा तुमच्या हातात द्यावा लागतो. मागायची गोष्ट नाही, द्यायलाच हवा.

चाळीस वर्षं का? कारण हा कॅन्सर दुसऱ्या दिवशी येत नाही. तुम्ही पस्तिशीत इथे काम कराल, चाळिशीत गावी परत जाल, आणि साठीत सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टर एक्स-रे धरून विचारेल, "बिडी ओढता का?" तेव्हा तुमच्याकडे कागद असला पाहिजे. कारण जर्मन विमा व्यावसायिक आजार मान्य झाला तर परदेशात राहणाऱ्यालाही पैशाच्या रूपातला लाभ देतो. त्या विम्याचा हप्ता मालक भरतो, तुमच्या पगारातून जात नाही. पण आजार कामामुळे झाला हे दाखवायला त्या काळातलं लिखाण लागतं. आणि त्या काळात माझ्यासारख्याने डायरीत "सर्दी-ताप" लिहिलेलं असतं.

धूर शरीरात राहतो आणि कागदावरून नाहीसा होतो, सगळा खेळ इथे आहे.

"व्हिसा जाईल"

हे मला रोज ऐकू येतं. भीती खोटी नाही. नवीन आलेल्याचा परवाना बऱ्याचदा त्या नोकरीशी बांधलेला असतो. कुणी पोलंडच्या किंवा दुसऱ्या देशाच्या कंपनीमार्फत इथे आलेला असतो, त्याचा विमाच त्या देशात असतो. अशांनी आपला ए-वन कागद कुठल्या देशाचा आहे ते आजच बघा, कारण दावा तिथे करावा लागेल.

पण भीतीचा हिशोबही नीट करा. इथल्या कामगार संरक्षण कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे, मालकाला सांगूनही त्याने उपाय केला नाही, तर कामगार सरकारी खात्याकडे जाऊ शकतो आणि त्यासाठी त्याचं नुकसान करता येत नाही. नवव्या कलमाप्रमाणे तात्काळ गंभीर धोका असेल तर काम सोडून बाजूला होण्याचा हक्क आहे. आमच्या भागासाठी हे खातं, गेवेर्बेआउफझिश्ट, रेगेन्सबर्गमध्येच आहे, ओबरफाल्त्स जिल्हा सरकारच्या अखत्यारीत. युरोपबाहेरून आलेल्यांना फेअरे इंटेग्रात्सिओन या केंद्रांत मोफत सल्ला मिळतो. बांधकामाची युनियन आयगे बाऊ आहे. एकट्याने जाऊ नका, पाच जण जा. पाच जणांचा व्हिसा एकदम घालवायला मालकालाही काम थांबवावं लागतं.

उद्यापासून काय करायचं

एक, स्वतःची वही ठेवा. मराठीत चालेल. तारीख, साइट, कुठलं लोखंड, गॅल्व्हनाइज्ड की स्टेनलेस, कुठली रॉड, किती तास, जागा बंद होती का, धूर खेचणारं यंत्र होतं का, सोबत कोण होतं, रात्री काय झालं. रॉडच्या पाकिटावरच्या नावाचा आणि नंबरचा फोटो काढून ठेवा.

दोन, ताप आला तर डॉक्टरला फक्त "फीबर" सांगू नका. म्हणा, "इश हाबे फेरत्सिंक्टन श्टाल गेश्वाइस्ट." मी गॅल्व्हनाइज्ड लोखंड वेल्ड केलंय. हे वाक्य तुमच्या कागदात आलं पाहिजे. व्यावसायिक आजाराची शंका आली तर डॉक्टरला ती कळवावीच लागते, आणि तुम्ही स्वतःही विमा संस्थेला, म्हणजे बेरूफ्सगेनॉसनशाफ्टला, कळवू शकता.

तीन, दम लागत असेल, छाती भरून येत असेल तर वाट बघू नका, ११२ लावा. कॅडमियमचा धूर सुरुवातीला अगदी याच तापासारखा वाटतो आणि जीव घेतो. युरोपात ब्रेझिंगच्या रॉडमध्ये कॅडमियमवर २०११ पासून बंदी आहे, पण जुन्या भागांवरचा मुलामा कशाचा आहे ते दिसून कळत नाही.

चार, कंपनीच्या डॉक्टरची तपासणी मागा. हवेत वेल्डिंगचा धूर घनमीटरला ३ मिलिग्रॅमच्या वर असेल तर ती सक्तीची आहे, त्याखाली असेल तरी मालकाला ती देऊ करावी लागते.

पाच, नोकरी सोडताना पगाराच्या शेवटच्या चिठ्ठीबरोबर तो उताराही मागा.

दुबई, दोहा, मस्कतमधले वाचक म्हणतील, तुमचे जर्मन कायदे तुमच्यापाशी. बरोबर आहे. पण झिंक तिथेही ९०७ अंशालाच उकळतं. वही तर तिथेही ठेवता येते, आणि थर खरडून मग वेल्ड मारायला कुठल्याच देशाचा कायदा आडवा येत नाही.

शेवटी माझ्या जातभाईंना, म्हणजे सुपरवायझरांना. आपल्यालाही वरून दाब असतो, हे मला माहीत आहे. पण दाब खाली ढकलण्याचा पगार आपण घेतो, हेही खरं आहे. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला, दहा हजार कुशल मुलं पाठवू म्हणून. अशी मुलं येतील तेव्हा त्यांना पहिला भेटणारा मराठी माणूस आपणच असू. त्यांना आपण "दूध प्या" सांगणार आहोत की आबझाउगुंग चालू करून देणार आहोत, हे आजच ठरवा.

दादा आता दुसऱ्या कंपनीत आहेत. गेल्या महिन्यात मी त्यांना एक पानाचं पत्र लिहून दिलं, जर्मनमध्ये, माझ्या सहीने: अमुक तारखेला, बंद जिन्यात, माझ्या सांगण्यावरून, गॅल्व्हनाइज्ड लोखंडावर, यंत्राशिवाय, इतके तास वेल्डिंग, त्याच रात्री ताप. त्यांनी वाचून घेतलं, घडी घातली आणि पासपोर्टच्या पिशवीत ठेवलं. म्हणाले, "साहेब, हे तेव्हाच लिहिलं असतं तर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्यावर ती वेळ येऊ देऊ नका. आज संध्याकाळीच लिहा.